लेकरांची राखण कोणी करावी?

समाजसेवक, शिक्षक व वसतिगृहचालक ह्यांच्याकरिता अभ्यासपाठ

काही विषय असे असतात की, ते चारचौघांत काढणे अशिष्टपणाचे मानले जाते. आणि त्यामुळे ज्यांना त्यांपासून अपाय होतो त्यांना दाद मागावयास जागाच उरत नाही. लहान मुलांवर होणारा लैंगिक अत्याचार हा त्यांपैकी एक विषय होय. घरात, शाळेत, वसतिगृहात, शेजारीपाजारी हे दुष्कृत्य घडते. परंतु त्याला नाव देण्यासही आपली जीभ कचरते. आपल्या ह्या संकोचाचा लाभ अत्याचार करणाऱ्यालाच मिळतो. म्हणून आजच्या पाठात हा विषय गंभीरपणे व स्पष्टपणे मांडण्याचे योजिले आहे. ह्या पाठातून एकच गोष्ट मनावर ठसावी अशी इच्छा आहे, ती ही : मुलाला सावध राहावयास शिकविणे चांगले, परंतु राखण करण्याचा भार मुलावर टाकता येत नाही, तो वडील माणसांनीच उचलला पाहिजे.

१. अत्याचार कशाला म्हणावे?

प्रथम व्याख्या पाहू. ज्याला लोक 'पोक्सो' म्हणतात तो 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२' हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून आपल्या देशात लागू आहे. त्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती, मग ती मुलगी असो की मुलगा, बालक होय. हा कायदा केवळ बलात्काराचा विचार करीत नाही. वाईट हेतूने मुलाच्या अंगाला हात लावणे, आपल्या अंगाला हात लावावयास त्याला सांगणे, अश्लील चित्रे दाखविणे, तशा हेतूने त्याचा पाठलाग करणे, हावभाव किंवा शेरेबाजी करणे, मुलांची तशी चित्रे काढणे, ही सर्व कृत्ये अपराधांत मोडतात. मुलाच्या अंगावर कपडे होते एवढ्यावरून असा स्पर्श निरपराध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी दिलेल्या निकालात स्पष्ट केले आहे. तसेच "मुलाची संमती होती" ही सबब ह्या कायद्यापुढे चालत नाही.

महाराष्ट्राला ह्या प्रश्नाची ओळख नवी आहे असे नाही. १८९० साली कलकत्त्यास फुलमणी नावाची सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावली. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहा वर्षांची मर्यादा बारा वर्षांवर नेण्यात आली. तेवढ्या दोन वर्षांच्या वाढीकरिता पुण्यामुंबईत केवढे वादळ उठले हे वाचकांस ठाऊकच आहे. बारावरून अठरापर्यंत येण्यास आपल्याला शंभरांहून अधिक वर्षे लागली. कायदा पुढे गेला. आता माणसांची समजूत त्याच्याबरोबर गेली पाहिजे.

२. धोका कोठून येतो?

आपण मुलांना सांगतो, "अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस, त्याच्याबरोबर जाऊ नकोस." हा उपदेश खोटा नाही, परंतु तो फार अपुरा आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांविषयी एक मोठा पाहणी अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व गोवा धरून तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांना त्यात प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी, आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यात अश्लील चित्रे दाखविण्यासारखे प्रकारही धरले आहेत, हे लक्षात ठेवावे, तथापि २०.९० टक्के मुलांनी गंभीर स्वरूपाचे अत्याचार सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, किंवा ज्यांच्यावर विश्वासाने काही जबाबदारी सोपविलेली होती असे होते. आणि बहुतेक मुलांनी ती गोष्ट तोपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती.

ह्याच अहवालातील आणखी एक आकडा आपल्या डोळ्यांत अंजन घालणारा आहे. अत्याचार सोसलेल्यांपैकी ५२.९४ टक्के मुलगे होते. मुलाला काय होणार आहे, असे म्हणून आपण मुलगे कोणाच्याही स्वाधीन करतो, कोठेही निजू देतो. ही समजूत सोडून दिली पाहिजे. मुलग्याची लाज मुलीच्या लाजेहून कमी नसते; उलट "पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय" ह्या बोलण्याने तिला दुप्पट कुलूप लागते.

काही मुलांना धोका अधिक असतो. ज्यांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांची समज मंद आहे. ज्यांचे आईबाप वारले आहेत. ज्यांच्या घरी दारू व भांडणे आहेत. आणि ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात व जी मागे नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, ती मुले. ज्या लेकराकडे पाहणारे डोळे थोडे, त्याच्याकडे वाईट डोळा लवकर वळतो.

३. चार टप्पे

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर ह्यांनी १९८४ साली ह्या विषयाची एक मांडणी केली. समाजसेवकांना ती आजही फार उपयोगी पडते. त्यांचे म्हणणे असे की, अत्याचार घडण्यापूर्वी अपराध्याला चार टप्पे ओलांडावे लागतात. पहिला, त्याच्या मनात तशी वासना उत्पन्न झाली पाहिजे. दुसरा, सदसद्विवेकबुद्धी जे आवरते ते त्याने झुगारले पाहिजे. दारू, किंवा "ह्यात मुलाचे काही बिघडत नाही" असली स्वतःची समजूत, ह्या कामी त्याला साहाय्य करते. तिसरा, बाहेरचा अडथळा, म्हणजे मुलाभोवतीची माणसे व व्यवस्था, त्याने चुकविली पाहिजे. चौथा, मुलाचा स्वतःचा प्रतिकार त्याने मोडून काढला पाहिजे.

आता विचार करा. दुसऱ्याच्या मनातील वासना आपल्याला दिसत नाही; त्याचा विवेकही आपल्या हाती नाही. चौथ्या टप्प्यावर उभे असते ते एक लहान लेकरू. त्याच्यासमोर त्याचाच काका, मास्तर किंवा शेजारचा दादा. तेथे त्याने एकट्याने झुंज द्यावी आणि जिंकावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. राहिला तिसरा टप्पा. तो सर्वस्वी आपला आहे. दार उघडे ठेवणे, एकांत टाळणे, विचारपूस करणे, नियम घालणे व ते पाळणे, ही कामे आपल्याला करता येतात. अत्याचार टाळण्याचे बहुतेक काम ह्याच ठिकाणी होते. आणि आपण नेमके तेच सोडून मुलाला दोष देत बसतो.

४. जाळे कसे विणले जाते?

असा मनुष्य कपाळावर खूण घेऊन येत नाही. तो बहुधा मुलांत रमणारा, मदतीस धावणारा, घरच्यांच्या मर्जीतला असतो. म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या वागणुकीची चाल ओळखावी. ती साधारणपणे अशी असते. तो एखादे एकटे किंवा प्रेमाला भुकेलेले मूल हेरतो. त्याला खाऊ, पैसे, मोबाइल, मोटारसायकलवरून फेरी अशा गोष्टी देतो. आईबापांचाही विश्वास संपादन करतो. अडीनडीला उसने देतो, शिकवणी फुकट घेतो. मग मुलाबरोबर एकांत मिळेल अशी निमित्ते काढतो. हळूहळू गुदगुल्या, थट्टा, अंगाला हात लावणे असे करीत मर्यादा पुढे सरकवितो. आणि शेवटी मुलाच्या गळ्यात गुपिताचा धोंडा बांधतो : "हे तुझ्यात नि माझ्यात. सांगितलेस तर तुलाच मार बसेल, तुझी आई रडेल, कोणी खरे मानणार नाही."

हल्ली ह्या जाळ्याचा एक पदर मोबाइलमध्येही असतो. ज्याला मुलाने कधी पाहिलेही नाही, असा मनुष्य समवयस्क असल्याची बतावणी करून मैत्री जोडतो, एखादे चित्र मागवून घेतो आणि त्याच चित्राच्या धाकाने पुढची मागणी करतो. अशा वेळी मुलाचा मोबाइल हिसकावून त्याला बडविले, तर ते पुन्हा आपल्याकडे येणार नाही. आणि धाक घालणाऱ्याला तेच हवे असते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. मुलांवर माया करणारा प्रत्येक मनुष्य संशयित मानू नये. माया उजेडात चालते. तिला बंद दार लागत नाही, आणि मुलाने आईपासून काही लपवावे असे ती सांगत नाही. हाच दोहोंतील भेद होय.

५. मूल गप्प का राहते?

"खरे असते तर तेव्हाच का नाही सांगितले?" हा प्रश्न गावात, चावडीवर आणि कधीकधी शिकलेल्या माणसांच्या तोंडीही ऐकू येतो. अमेरिकेतील मनोवैद्य डॉ. रोलंड समिट ह्यांनी १९८३ साली ह्याचे उत्तर पाच गोष्टींत दिले : गुप्तता, असहायता, अडकून पडल्यावर जुळवून घेणे, उशिरा व अडखळत सांगणे, आणि सांगितलेले मागे घेणे. ह्यांतील शेवटची गोष्ट समाजसेवकाने विशेष ध्यानात ठेवावी. मूल एके दिवशी सांगते, घरात रडारड होते, बाप संतापतो, नातलग तुटतात, आणि आठ दिवसांनी तेच मूल म्हणते, "मी खोटे बोलले." तेवढ्यावरून पहिले सांगणे खोटे होते असा निष्कर्ष काढू नये. पुष्कळदा सभोवतालच्या माणसांनीच ते शब्द त्याच्या तोंडून परत घेतलेले असतात.

ऑस्ट्रेलियात सरकारने नेमलेल्या एका चौकशी आयोगाने २०१३ ते २०१७ ह्या पाच वर्षांत, शाळा, अनाथाश्रम, क्रीडासंघ, धर्मसंस्था इत्यादि ठिकाणी लहानपणी अत्याचार सोसलेल्या ८,००० हून अधिक लोकांची कहाणी एकांतात ऐकून घेतली. ती गोष्ट प्रथम कोणाला तरी सांगण्यास त्यांना सरासरीने सुमारे २४ वर्षे लागली होती. त्यांपैकी ४,००० हून अधिक लोकांवरील अत्याचार धर्मसंस्थांच्या आश्रयाखाली घडले होते, आणि त्या कोणत्या एकाच पंथाच्या नव्हत्या. पुष्कळ ठिकाणी चालकांच्या कानावर ती गोष्ट आलीही होती. परंतु संस्थेच्या अब्रूकरिता त्यांनी अपराध्याची केवळ बदली केली, आणि त्यामुळे दुसऱ्या गावची मुले त्याच्या हाती पडली. आमची संस्था चांगल्या लोकांची आहे, येथे असे होणार नाही, हा विश्वास मुलांच्या रक्षणास पुरत नाही. ही गोष्ट आपल्या मंडळ्यांनी, शाळांनी व वसतिगृहांनीही ओळखावी.

मूल तोंडाने बोलत नसले तरी त्याची वागणूक बोलते. झोपेत दचकणे, सुटलेले अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागणे, विशिष्ट माणसाच्या घरी जाण्यास हट्टाने नकार देणे, एकाएकी अभ्यासातून लक्ष उडणे, वयास न शोभणारे लैंगिक बोलणे किंवा खेळ, जवळ अनपेक्षित पैसे अगर वस्तू सापडणे, लघवीच्या जागी दुखणे. ह्यांतील एखादी खूण दुसऱ्या कारणानेही दिसू शकते. म्हणून खुणेवरून निकाल देऊ नये, परंतु खूण पाहून डोळेझाकही करू नये.

६. व्यवस्था कशी असावी?

आता तिसऱ्या टप्प्यावरील प्रत्यक्ष कामाकडे वळू. ज्या संस्थेत मुले येतात वा राहतात तेथे पुढील नियम असावेत.

(अ) मुलांशी ज्यांचा संबंध येतो अशा प्रत्येकाची, शिक्षकापासून स्वयंपाकी, शिपाई व वाहनचालकापर्यंत, नेमणुकीपूर्वी माहिती काढावी व पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. पोक्सो कायद्याच्या २०२० सालच्या नियमांनी संस्थांवर हे बंधन घातले आहे. "ओळखीचा आहे" ही पडताळणी नव्हे.

(आ) कोणीही वडील माणसाने एकट्या मुलाला बंद खोलीत घेऊन बसू नये. शिकवणी, शिक्षा, औषधोपचार, समजावणे, काहीही असो, दार उघडे असावे किंवा दुसरे माणूस दिसेल इतक्या अंतरावर असावे.

(इ) मुलांना कोणाच्या खाजगी घरी झाडलोट, पाय चेपणे, डबा पोहोचविणे अशा कामास पाठवू नये.

(ई) वसतिगृहात मुलींच्या निजण्याच्या व स्नानाच्या जागी पुरुष नोकराने जाऊ नये; मुलग्यांतही लहान व मोठे एका खोलीत ठेवू नयेत, कारण कधीकधी मोठ्या मुलाकडूनच लहानाला त्रास होतो. स्नानगृहांना कड्या व रात्री वाटेत दिवा असावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु अंधारी वाट व तुटकी कडी ह्यांनीच पुष्कळदा संधी मिळते.

(उ) तक्रार कोणाकडे करावी हे प्रत्येक मुलाला माहीत असावे, आणि ती व्यक्ती एकच नसून निदान दोन असाव्यात. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच ती करावी लागली तर तिचा काय उपयोग? महाराष्ट्रात शाळांकरिता २०२२ सालापासून सखी सावित्री समित्या नेमावयाच्या आहेत, व गावाकरिता ग्राम बाल संरक्षण समिती आहे. आपल्या गावात त्या केवळ कागदावर आहेत की खरोखर बसतात, ह्याची चौकशी समाजसेवकाने करावी.

हे नियम पाळण्यास सांगितले असता एखादा सज्जन रागावेल : "माझ्यावर संशय घेता काय?" त्याला नम्रपणे सांगावे की, नियम सर्वांना सारखा आहे, म्हणूनच तो कोणाचाही अपमान करीत नाही. विहिरीला कठडा बांधतात तो गावातील कोणा एकाला ढकल्या ठरविण्याकरिता नव्हे.

७. मुलांना काय शिकवावे?

राखणीचा भार मुलावर नाही, तरी त्याला ज्ञान असणे हितकारक आहे. शरीराच्या सर्व अवयवांची नीट नावे त्याला ठाऊक असावीत; ज्याला नाव नाही त्याविषयी तक्रार कशी करणार? कपड्यांनी झाकलेले अवयव त्याचे स्वतःचे आहेत. स्वच्छतेकरिता आई, किंवा आजारात आईसमक्ष डॉक्टर, ह्यांखेरीज कोणी त्यांना हात लावू नये, हे सांगावे. "मामाला पापा दे" असा आग्रह मूल नको म्हणत असता करू नये. आज आपण त्याचा नकार मोडला, तर उद्या तो दुसऱ्यापुढे कसा टिकेल? आनंदाचे गुपित व त्रासाचे गुपित ह्यांतील फरक शिकवावा : वाढदिवसाची भेट चार दिवस लपविली तर हरकत नाही, परंतु ज्याने पोटात गोळा येतो ते गुपित त्याच दिवशी सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याला पुनःपुन्हा सांगावे : "काहीही झाले, तू माझी आज्ञा मोडून गेला असलास तरीसुद्धा, मला सांग. मी तुझ्यावर रागावणार नाही." हे वचन दिल्यास ते पाळले पाहिजे.

८. मूल बोलले तर

मूल बोलते ती घटका फार नाजूक असते. ऐकणाऱ्याने आपला चेहरा शांत ठेवावा. शपथा घालू नयेत, उलटतपासणी करू नये, "तू तेथे गेलीसच का?" असे विचारू नये. "अमक्यानेच केले ना?" असे उत्तर सुचविणारे प्रश्नही विचारू नयेत; "मग काय झाले?" एवढेच पुरे. "मी कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही, त्याऐवजी म्हणावे, "तू सांगितलेस हे फार चांगले केलेस. ह्यात तुझा दोष नाही. तुला जपण्याकरिता ज्यांना सांगितले पाहिजे त्यांनाच मी सांगेन." मूल गेल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख व वेळ घालून लिहून ठेवावेत. तीच हकीकत त्याला मुख्याध्यापकापुढे, मग पंचांपुढे, मग नातलगांपुढे वदवू नये. आरोप असलेल्या माणसाला बोलावून समोरासमोर करू नये. त्याने पुरावा नाहीसा होतो व मूल धास्तावते.

घटना ताजी असेल तर मुलाला त्वरित सरकारी रुग्णालयात न्यावे. एच.आय.व्ही.सारख्या रोगाचा प्रतिबंध करणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. अंगावरील कपडे धुऊ नयेत. ते कागदात गुंडाळून ठेवावेत. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरानेच करावी, व त्या वेळी मुलाचा विश्वास असलेले माणूस जवळ असावे, असा कायदा आहे.

९. कळविणे हे ऐच्छिक नाही

पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे, असा अपराध घडला आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्याला कळेल त्याने स्थानिक पोलिसांस किंवा विशेष बाल पोलीस पथकास कळविलेच पाहिजे. कळविले नाही तर २१ व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. ही शिक्षा मुलांना लागू नाही. सद्‌बुद्धीने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणताही दावा वा खटला चालत नाही. म्हणजे, खात्री करून घेण्याचे काम आपले नाही. ते तपास करणाऱ्यांचे आहे. आपले काम कळविणे एवढेच.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. तेथील मुलींवर उपचार करण्यास नेमलेल्या डॉक्टराने, माहिती असूनही पोलिसांस कळविले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली त्या डॉक्टरापुरता गुन्हा रद्द केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. अपराध वेळीच व नीट कळविणे अत्यंत महत्त्वाचे असून, ते न केल्यास कायद्याचा हेतूच विफल होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. तेवढ्याने कोणी दोषी ठरला असे नव्हे. ते ठरविणे खटल्याचे काम. तथापि शिक्षक, परिचारिका, अधीक्षक ह्या सर्वांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

पोलीस ठाण्याच्या भीतीने पुष्कळ लोक मागे सरतात. म्हणून हेही सांगावे की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बाल कल्याण समितीस कळवावयाचे असते. आणि साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या नजरेसमोर येणार नाही अशी योजना न्यायालयाने करावयाची असते. ज्याला वाट सापडत नाही त्याने १०९८ ह्या क्रमांकावर बोलावे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा मुलांकरिता दिवसरात्र विनामूल्य चालते.

आणि एक अनिष्ट चाल आपल्या गावांतून नाहीशी झाली पाहिजे, ती म्हणजे आपसात मिटविणे. पंच बसतात, काही हजार रुपये ठरतात, कधी त्याच माणसाशी मुलीचे लग्न लावून देण्याचे घाटते. हा न्याय नव्हे. हा मुलाच्या दुःखाचा सौदा होय. असा अपराध दोन घरांतील भांडण नसून समाजाविरुद्धचा अपराध आहे, म्हणून तडजोड झाली एवढ्याच कारणावरून खटला रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात ठरविले आहे. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न तर मुळातच कायद्याविरुद्ध आहे.

१०. पुढे काय?

फिर्याद दाखल झाली म्हणजे समाजसेवकाचे काम संपले असे नाही. मुलाचे नाव, त्याचे घर, त्याची शाळा ही बाहेर फोडणे हा स्वतंत्र अपराध आहे. तेव्हा पाणवठ्यावर व मोबाइलवर चाललेली कुजबुज थांबविणे हे आपले पहिले काम. मूल शाळेत परत जाईल, आईबापांची मजुरी बुडणार नाही, तारखेला त्यांच्याबरोबर कोणी असेल, हे पाहावे. महाराष्ट्र सरकारची २०१३ सालापासूनची मनोधैर्य योजना अशा बालकांस अर्थसाहाय्य देते. तिचा अर्ज करण्यास मदत करावी. आणि मुलाला "बिचारे" म्हणून बाजूला बसवू नये. ज्याला घरी विश्वास मिळाला, ज्याला कोणी दोष दिला नाही, ते लेकरू पुन्हा हसते, शिकते, मोठे होते. जखमेहून पुष्कळदा आपल्या माणसांच्या अविश्वासाचा घाव खोल जातो. तो न होऊ देणे आपल्या हाती आहे.

शेतात पीक उभे असता राखणदार पिकाला सांगत नाही की, पाखरांपासून तूच स्वतःला सांभाळ. तो माचाणावर बसतो, डोळे उघडे ठेवतो व वेळीच हाक देतो. लेकरांच्या बाबतीत आपण त्याहून कमी करू नये.

चर्चेकरिता प्रश्न

१. आपल्या शाळेत, वसतिगृहात किंवा मंडळीत मूल व वडील माणूस ह्यांना एकांत मिळेल अशा जागा व वेळा कोणत्या? त्यांविषयी ह्याच महिन्यात काय करता येईल?

२. आपल्या गावातील एखाद्या मुलाला आज काही सांगावयाचे असेल, तर ते कोणाकडे जाईल? त्याला ते माहीत आहे काय?

३. मूल आपले बोलणे मागे घेते, तेव्हा समाजसेवकाने घरच्यांशी कसे बोलावे?

४. मुलग्यांविषयी आपण कोणती निष्काळजी करतो?

५. ग्राम बाल संरक्षण समितीची शेवटची सभा केव्हा झाली? पुढील सभेस आपल्यापैकी कोण जाईल?